आर्किटेक्टचं ऑफिस चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझाइनबद्दल आम्ही आर्किटेक्ट एकमेकांशी तासन्‌तास बोलतो. फी, थकबाकी, पगार हे विषय निघाले की मात्र आवाज खाली येतो. नवीन ऑफिस काढलेली मुलं-मुली मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत आणि काही ठिकाणी आमच्या व्यवसायाच्या इतिहासातली. कायदा आणि करप्रणाली जिथली तिथली असते, त्यामुळे त्या बाबतीत तुमच्या वकिलाला आणि हिशेबनिसाला विचारा.

काम उत्तम असेल तर धंदा आपोआप चालेल ना?

नाही. लुई कान यांचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. सॉल्क इन्स्टिट्यूट, किंबेल कला संग्रहालय, ढाक्याची संसद अशी कामं करणारा हा माणूस १७ मार्च १९७४ ला न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराने गेला, तेव्हा त्यांच्या ऑफिसवर सुमारे पाच लाख डॉलरचं कर्ज होतं. कामांची वाण नव्हती आणि कीर्ती जगभर होती. पण ते एकेक डिझाइन पुन्हा पुन्हा मुळापासून उकलायचे आणि त्यासाठी लागणारा वेळ फीमध्ये कुठेच धरलेला नसायचा.

त्यांच्या इमारतींपुढे मी नतमस्तक आहे. तरीही पुढचे सगळे प्रश्न वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडतं. आपण विकतो तो विचार करायला लागणारा वेळ, आणि तो कुठे गेला हे आपल्यालाच माहीत नसतं.

स्वतःचं ऑफिस कधी काढावं?

सहा महिन्यांचा घरखर्च आणि ऑफिसखर्च बाजूला असेल, फी ठरलेलं निदान एक काम हातात असेल आणि तुम्ही एखादं काम पहिल्या स्केचपासून ताबा देईपर्यंत साइटवर उभं राहून पूर्ण केलं असेल, तेव्हा. यातली तिसरी अट लोक सोडून देतात. ज्याने फक्त प्रेझेंटेशनची ड्रॉइंग केली आहेत, त्याला वर्किंग ड्रॉइंगला, म्हणजे ज्यावरून साइटवर प्रत्यक्ष बांधतात त्या तपशीलवार ड्रॉइंगला, किती वेळ लागतो याचा अंदाज नसतो, आणि पहिल्याच कामाची फी चुकते.

फी कशी ठरवायची? टक्केवारीत की ठोक?

तीन पद्धती चालतात: बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत, ठोक रक्कम किंवा तासावर. क्लायंटला कोणत्याही पद्धतीने सांगा, पण स्वतःसाठी हिशेब मात्र तासांचाच करा.

तो असा. आठवड्याचे ४० तास धरले तर वर्षाचे २,०८० होतात. रजा, सुट्ट्या, आजारपण वजा जाता १,८०० च्या आसपास उरतात. त्यातले सगळे काही कुठल्या कामाच्या नावावर लागत नाहीत. ड्रॉइंग करणाऱ्या सहकाऱ्याचे साधारण १,५०० लागतील. मालकाचे निम्मे लागले तरी खूप, कारण उरलेला वेळ नवीन क्लायंट, मुलाखती, बँक आणि फोन यांत जातो.

आता खर्च बघा. एखाद्या सहकाऱ्याचा तासाचा पगार १० धरू. जागा, वीज, सॉफ्टवेअर, विमा, हिशेबनीस आणि कुठल्याच कामावर न लागणारे पगार हे सगळं त्या सहकाऱ्याच्या वाट्याला बहुधा आणखी १५ च्या आसपास येतं. म्हणजे एक तास तुम्हाला २५ ला पडतो. फीच्या २० टक्के नफा राहायला हवा असेल तर तो तास ३१ ला विकावा लागेल. पगाराच्या तिप्पट, हा आमच्या व्यवसायात जुना आडाखा आहे तो असाच आलेला आहे. तुमच्या ऑफिसचा आकडा वेगळा निघेल, पण तो काढलेला हवा.

मग कामाच्या प्रत्येक टप्प्याला किती तास लागतील ते मांडा, दराने गुणा आणि आलेली रक्कम टक्केवारीशी ताडून बघा. मोठ्या, एकसारख्या मजल्यांच्या इमारतीत टक्केवारी तुमच्या बाजूने झुकते. छोट्या घरात आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत ती तुम्हाला बुडवते, कारण डीटेल तितकेच असतात आणि बांधकाम खर्च कमी. टक्केवारीत आणखी एक खोट आहे. खर्च वाचवण्यासाठी तुम्ही जीव तोडून मेहनत केलीत तर तुमचीच फी घटते. म्हणून मी सुरुवातीच्या टप्प्यांची फी ठोक घेते, दुरुस्तीची कामं तासावर घेते आणि टक्केवारी फक्त पडताळणीसाठी वापरते.

फी टप्प्यांत कशी वाटावी?

अमेरिकेत बरीच वर्षं चालत आलेली विभागणी बघा: संकल्पना १५ टक्के, डिझाइनचा विकास २०, वर्किंग ड्रॉइंग ४०, टेंडर ५ आणि साइटवरची देखरेख २०. यातलं चाळीस आणि वीस नीट बघून घ्या. नवीन ऑफिसं संकल्पनेत इतकं रमतात की वर्किंग ड्रॉइंगला पोचेपर्यंत फी संपलेली असते, आणि साइटचं वर्षभर पदरमोड करून निभावावं लागतं. संगणकावर मॉडेल करून काम करत असाल तर पहिल्या दोन टप्प्यांचा वाटा वाढवा, कारण निर्णय लवकर घ्यावे लागतात.

तासांची नोंद ठेवायला सांगितली की ऑफिसमधली मुलं नाराज होतात. काय करावं?

मालकाने स्वतःपासून सुरुवात करावी. माझे तास भिंतीवरच्या त्याच तक्त्यात दिसायला लागले तेव्हा कुरकुर थांबली. नोंद रोज करावी, अर्ध्या तासाच्या हिशेबाने, कामाचं नाव आणि टप्पा एवढंच लिहून. शुक्रवारी आठवून भरलेली नोंद खोटी असते.

आणि ती नोंद कुणाला फैलावर घ्यायला कधीही वापरू नका. एखाद्या जिन्याच्या डीटेलला ठरल्यापेक्षा तिप्पट वेळ गेला असेल तर बहुतेक वेळा वरून निर्णय उशिरा आलेला असतो, म्हणजे चूक आपली असते.

क्लायंट म्हणतो, आधी स्केच दाखवा, आवडलं तर काम देतो. करावं का?

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. पहिलं स्केच हा आपल्या कामाचा सर्वात मोलाचा भाग. तोच फुकट दिला तर पुढच्या ड्रॉइंगला किंमत राहत नाही. त्याऐवजी छोटा, पैसे घेऊन केलेला अभ्यास सुचवा: जागा पाहणं, नियमांत किती बांधता येईल ते काढणं, ढोबळ खर्च, दोन पर्यायी मांडण्या. दोन-तीन आठवड्यांचं काम, फी आगाऊ. जो क्लायंट एवढ्यालाही तयार नसतो, तो पुढचे हप्ते कसे देईल हे तुम्हाला तेव्हाच कळतं.

मग स्पर्धांचं काय?

स्पर्धेतून नावं झाली आहेत, हे खरं. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राची १९७१ ची स्पर्धा रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या तरुण जोडीने जिंकली. पण त्या स्पर्धेत ६८१ प्रवेशिका होत्या. सिडनी ऑपेरा हाऊसला २३३ होत्या. झाहा हदीद यांनी १९८३ मध्ये हाँगकाँगची 'द पीक' स्पर्धा जिंकली आणि ती इमारत कधी झालीच नाही. त्यांचं पहिलं मोठं काम, व्हित्रा या फर्निचर कंपनीचं अग्निशमन केंद्र, १९९३ मध्ये उभं राहिलं. मधली दहा वर्षं काढायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

वर्षात एखादी स्पर्धा करावी, विषय मनापासून भिडणारा असेल तर. तिचे तास आधी ठरवावेत आणि तो खर्च ऑफिसच्या खर्चात धरावा. पगारी माणसांच्या रात्री त्यात घालू नयेत.

करारपत्रात काय काय हवं?

काय करणार हे सगळेच लिहितात. काय करणार नाही हे लिहायला विसरतात, आणि भांडणं तिथे होतात. अंतर्गत सजावट, बाग, फर्निचर, मॉडेल, जाहिरातीसाठीची चित्रं, परवानगीसाठी कार्यालयात माराव्या लागणाऱ्या फेऱ्या, यांतलं काय फीमध्ये आहे आणि काय नाही ते एकेक करून लिहा. प्रत्येक टप्प्यात किती पर्याय आणि किती रिव्हिजन मिळतील, साइट व्हिजिट महिन्याला किती, हेही आकड्यात. 'आवश्यकतेनुसार' हा शब्द करारात नको, कारण आवश्यकता कुणाची हे त्यातून कळत नाही.

क्लायंटने काय पुरवायचं तेही हवं: जागेची मोजणी, माती परीक्षण, मालकीची कागदपत्रं. काम थांबलं तर काय, तीन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं तर काय. ड्रॉइंगचा हक्क कुणाकडे, आणि ती वापरायची परवानगी फी पूर्ण मिळाल्यावरच. दोघांपैकी कुणाला बाहेर पडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस. तुमच्या जबाबदारीची कमाल मर्यादा.

टप्प्यांची नावं मनाने ठेवू नका. ब्रिटनच्या आर्किटेक्टांच्या संस्थेने, म्हणजे रिबाने, कामाचे टप्पे पहिल्यांदा १९६३ मध्ये बांधून दिले आणि २०१३ पासून ते ० ते ७ असे मोजले जातात. तुमच्या देशातल्या संस्थेची अशी मांडणी असेल तर ती घ्या. क्लायंट, इंजिनीअर आणि कॉन्ट्रॅक्टर तिघांनाही तोच शब्द कळतो, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

क्लायंट बदल सांगतच राहतो. नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणायची गरज नाही. बदलाची किंमत सांगायची, आणि ती बदल करण्याआधी.

पॅट्रिक मॅक्लीमी या अमेरिकन आर्किटेक्टने २००४ च्या सुमारास एक आलेख लोकप्रिय केला, आमच्यात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात दोन रेषा आहेत. काम पुढे सरकेल तशी खर्चावर परिणाम करायची आपली ताकद कमी होत जाते आणि बदलाची किंमत चढत जाते. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. हा आलेख मी पहिल्याच बैठकीत कागदावर काढून दाखवते. संकल्पनेत भिंत हलवायला रबर पुरतं. वर्किंग ड्रॉइंगमध्ये तीच भिंत हलवली की स्ट्रक्चर, प्लंबिंग, वीज, वातानुकूलन सगळ्यांची ड्रॉइंग पुन्हा. साइटवर हलवली तर पाडकाम.

मी हे शिकले ते महागात. सुरुवातीच्या वर्षांत एका क्लायंटने साइटवर उभं राहून तळमजल्याचा अख्खा आराखडा फिरवायला सांगितला. 'तुमचं बघू नंतर' असं म्हणाले, मी मान डोलावली. ११ आठवडे आमची दोन माणसं त्यात गेली. शेवटच्या बिलात मी ते मांडलं तेव्हा समोरून शांतपणे विचारणा झाली, हे ठरलं कधी? माझ्याकडे एक ओळही लेखी नव्हती. त्यांना खरंच आठवत नसावं, असं मला आजही वाटतं. त्यानंतर आमच्याकडे एका पानाचा नमुना आहे: बदल काय, कुणी सांगितला, किती तास, किती फी, किती दिवस उशीर, खाली सही. सही येईपर्यंत ड्रॉइंगला हात लावायचा नाही. लहानसा बदल असेल आणि फी घ्यायची नसेल तरी तो कागद भरायचा आणि फीच्या रकान्यात शून्य लिहायचं. आपण दिलेली सवलत निदान दिसते तरी.

बांधकामाचं बजेट फुगलं की बोट आर्किटेक्टकडेच येतं. काय करता येईल?

सिडनी ऑपेरा हाऊसचा मूळ अंदाज ३५ लाख ऑस्ट्रेलियन पाउंडांच्या घरातला, नव्या चलनात त्याच्या दुप्पट डॉलर होतात. १९७३ मध्ये उद्घाटन झालं तोपर्यंत १० कोटी २० लाख डॉलर खर्च झाले होते. यॉर्न उत्झोन यांनी १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली आणि १९५९ च्या मार्चमध्ये जोत्याचं काम सुरूही झालं. छपराचे ते प्रसिद्ध शिंपले नेमके कसे बांधायचे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. राजकारण्यांना घाई होती. पुढे छपराचं वजन कळल्यावर जोत्यातले खांब अपुरे ठरले आणि ते नव्याने करावे लागले. १९६६ च्या फेब्रुवारीत, सरकारने पैसे अडवून धरल्यावर, उत्झोन यांनी काम सोडलं. आपली इमारत पूर्ण झालेली त्यांनी कधीच प्रत्यक्ष पाहिली नाही. हे वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं.

यातून मी एक नियम घेतला. ड्रॉइंग तयार नसताना साइट सुरू करायला क्लायंट कितीही आग्रह करो, त्याचे परिणाम आकड्यांसकट लेखी कळवायचे. आणि खर्चाचा अंदाज प्रत्येक टप्प्याच्या शेवटी नव्याने काढून त्यावर सही घ्यायची, शक्य तर स्वतंत्र खर्च सल्लागाराकडून काढून. अंदाज वाढला असेल तर पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. आधी काय कमी करायचं ते ठरवायचं. पहिल्या बैठकीत घाईने उच्चारलेला आकडाच क्लायंटच्या डोक्यात राहतो. म्हणून तिथे एक आकडा सांगू नका, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा सांगा.

पैसे वेळेवर येत नाहीत.

पैसे अडकतात ते बहुधा आपल्या बिलिंगमुळे. टप्पा संपल्यावर बिल लावलं तर परवानगी रखडली की बिलही रखडतं. ठोक फीचेही मासिक बिल करा, जितकं काम झालं तितक्या टक्क्यांचं. सुरुवातीला आगाऊ रक्कम घ्या आणि ती शेवटच्या बिलात वळती करा, पहिल्या बिलात नको. वसुलीचा फोन डिझाइनच्या बैठकीला बसणाऱ्या माणसाने करू नये, हिशेब पाहणाऱ्याने करावा.

बिल थकलं तर ४५ दिवसांनी काम थांबवायचा हक्क करारात ठेवा आणि वेळ आली की तो वापरा. तसंच, कुठल्याही एका क्लायंटकडून वर्षाच्या एक तृतीयांशाहून जास्त फी येत असेल तर तो तुमचा मालक झालेला असतो.

भागीदार घ्यावा का?

ज्याच्याकडे तुमच्यात नसलेलं काही आहे असा मिळाला तर जरूर. शिकागोच्या अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांची जोडी आठवा. लुई सलिव्हन डिझाइन करायचे. डँकमार अ‍ॅडलर ध्वनिशास्त्र आणि बांधकाम जाणणारे, क्लायंट आणणारे, माणसं सांभाळणारे. १८९३ च्या मंदीनंतर कामं आटली आणि १८९५ मध्ये अ‍ॅडलर एका लिफ्ट कंपनीत गेले. काही महिन्यांत ते परत व्यवसायात आले, पण सलिव्हन यांनी पुन्हा एकत्र यायला नकार दिला. त्यानंतरच्या जवळपास तीस वर्षांत त्यांना मोजकीच कामं मिळाली आणि १९२४ मध्ये ते विपन्नावस्थेत गेले.

भागीदारी करताना नफ्याची वाटणी, कोण काय बघणार आणि वेगळं व्हायचं झाल्यास चालू कामं, नाव आणि थकबाकी कुणाची, हे पहिल्याच महिन्यात लिहून काढा. गोडीगुलाबी असते तेव्हाच ते लिहून होतं.

नवीन कामं कुठून आणायची?

जुन्या क्लायंटकडून, आणि साइटवर तुम्हाला पाहिलेल्या इंजिनीअर-कॉन्ट्रॅक्टरकडून. काम संपल्यावर वर्षाने तिथे जा, गळती कुठे आहे, दरवाजे फुगलेत का, ते विचारा. फार थोडे आर्किटेक्ट जातात. चांगल्या छायाचित्रकारावर खर्च करा. बाकी प्रसिद्धीबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही.

शिकाऊ मुलांना विनावेतन ठेवलं तर चालतं का? सगळेच ठेवतात.

मुळीच चालत नाही. ज्या कामाची आपण क्लायंटकडून फी घेतो, त्याचा मोबदला ते करणाऱ्याला मिळालाच पाहिजे. शिवाय फुकट तासांवर उभी राहिलेली फी ही खोटी फी असते, ती तुम्हालाही फसवते आणि शेजारच्या ऑफिसलाही.

काही चुकलं, इमारतीत दोष निघाला तर?

सर्वात आधी विमा कंपनीला कळवा, क्लायंटला काहीही कबूल करण्याआधी. व्यावसायिक विमा बहुतेक ठिकाणी दावा येईल त्या वर्षाच्या पॉलिसीवर चालतो, काम केलेल्या वर्षाच्या नाही. म्हणून ऑफिस बंद केलं, निवृत्त झालात, तरी काही वर्षं हप्ते भरत राहावे लागतात. ही गोष्ट मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली.

चूक तुमची नसतानाही झळ बसू शकते. बॉस्टनच्या हँकॉक टॉवरच्या काचा १९७३ मध्ये वाऱ्यात निखळून पडायला लागल्या. सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या, मधल्या काळात जागोजागी प्लायवुड ठोकलेलं होतं. दोष निघाला दुहेरी काचा जोडणाऱ्या शिशाच्या सांध्यात, तो लवचीक नव्हता. पण तोवर टॉवरचं डिझाइन करणाऱ्या आय. एम. पे यांच्या ऑफिसला मोठी कामं मिळणं अवघड झालं होतं. अशा दिवसांत तुमच्या बाजूने उभं राहतं ते दफ्तर. कुठलं मटेरियल कुणी सुचवलं, कुणी मान्य केलं, साइटवर काय पाहिलं, हे तारखेसह लिहिलेली बैठकींची टिपणं दोन दिवसांत सगळ्यांना पाठवत जा.

माझ्यानंतर ऑफिसचं काय?

हा प्रश्न साठीत विचारला तर उशीर झालेला असतो. एरो सारिनेन १९६१ मध्ये अवघ्या ५१ व्या वर्षी गेले. न्यूयॉर्कचं टीडब्ल्यूए टर्मिनल, सेंट लुइसची कमान, कितीतरी कामं अर्ध्यावर होती. केव्हिन रोच आणि जॉन डिंकलू या सहकाऱ्यांनी ती पूर्ण केली आणि पुढे १९६६ मध्ये ऑफिस स्वतःच्या नावाने चालवलं. हे जमलं कारण ते दोघे आधीपासून क्लायंटसमोर बसत होते आणि निर्णयात होते. तुमच्या ऑफिसमधली किती माणसं क्लायंटशी तुमच्याशिवाय बोलू शकतात, ते मोजा.

आमचं ऑफिस दहा वर्षं चालू आहे आणि यातलं काहीच केलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

पूर्ण झालेली शेवटची तीन कामं घ्या. सोबत काम केलेल्यांना बसवा आणि आठवेल तसे तास मांडा, टप्प्याटप्प्याने. प्रत्यक्ष हाती आलेल्या फीला त्या तासांनी भागा आणि आलेला दर त्या माणसांच्या पगाराच्या किती पट आहे ते बघा. एक दुपार पुरते. ज्या कामाचा फोटो तुम्ही दारात लावला आहे ते बहुतेक दीडपटीच्याही खाली निघेल, आणि कुणाच्या लक्षातही नसलेलं एखादं गोदाम चौपटीला गेलेलं दिसेल. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या कामाची फी सांगायच्या आदल्या दिवशी बाहेर काढा.